कर्नलमधल्या जुन्या ड्रायव्हरला कोणी वाली दिसत नाही, तो काढायचा पॅच पाठवू का?

पॅच, म्हणजे कोडमधला बदल, लगेच पाठवू नका. तुम्ही लिहिलंय की लिनक्स कर्नलमधल्या (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या) एका नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरकडे, म्हणजे ते कार्ड चालवणाऱ्या कोडकडे, कित्येक वर्षं कोणी नीट पाहिलेलं नाही. तो बेवारस आहे की नुसता शांत आहे, हे आधी ठरवायला हवं.

गिट लॉगमधली, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या इतिहासातली, तारीख दोन्ही बाजूंनी फसवते. कोड नीट चालत असेल तर पाच वर्षं त्याला कोणी हात लावला नाही, यात वावगं काही नाही. उलट खरोखर बेवारस असलेल्या फाइलमध्येही अधूनमधून कमिट (नोंदवलेले बदल) येत राहतात. कर्नलमधलं एखादं फंक्शन बदललं की बदलणारा माणूस ते वापरणाऱ्या सगळ्या फाइली एकदमच दुरुस्त करतो. तुमचा ड्रायव्हर त्याने बहुतेक वेळा फक्त कंपाइल करून, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत बदलतो एवढंच पाहिलेला असतो, चालवून नाही. म्हणून मी तारखा सोडून कमिटच्या तळाशी 'टेस्टेड-बाय' ही ओळ शोधते. खरं कार्ड मशीनमध्ये बसवून कोणी शेवटचं कधी तपासलं, हे तिथे कळतं.

मग कर्नलचा कोणता भाग कोण सांभाळतो हे लिहिलेल्या 'मेंटेनर्स' फाइलमधली त्या ड्रायव्हरची नोंद वाचा. 'सपोर्टेड' म्हणजे हे काम करायचा कोणाला तरी पगार मिळतो. 'ऑड फिक्सेस' म्हणजे सांभाळणारा आहे, पण त्याला फारसा वेळ नाही. 'ऑर्फन' म्हणजे सध्या कोणीच नाही. पण ऑर्फन लिहिलंय म्हणून कोड लगेच काढत नाहीत. फ्लॉपीचंच बघा. जुलै 2019 मध्ये लिनक्सचा जनक लिनस टॉरवल्ड्सने फ्लॉपी ड्रायव्हर ऑर्फन म्हणून नोंदवला, कारण तो सांभाळणाऱ्याकडे चालू फ्लॉपी ड्राइव्हच उरला नव्हता. तरी कोड ठेवला, कारण व्हर्च्युअल मशीनमध्ये (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकात) तो जुना फ्लॉपी कंट्रोलर अजून दाखवला जातो. पुढे एकाने जबाबदारी घेतली आणि नोंद 'ऑड फिक्सेस' झाली. ती नोंद मला फार मोलाची वाटते.

काढायचंच ठरलं तर रायझरएफएससारखं काढावं. ती फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइली मांडून ठेवायची पद्धत) 2022 मध्ये 5.18 आवृत्तीत बाद होणार म्हणून जाहीर झाली. तेव्हापासून तशी डिस्क माउंट केली (वापरासाठी जोडली) की 2025 मध्ये हे काढलं जाणार, असा इशारा कर्नलच्या लॉगमध्ये यायचा. प्रत्यक्षात ती 6.13 मधून गेली, जानेवारी 2025 मध्ये. लोकांचा डेटा त्यात होता, तो हलवायला जवळपास तीन वर्षं मिळाली. नेटवर्क कार्डाला एवढा काळ लागणार नाही, पण आधी सांगणं तितकंच गरजेचं आहे.

तेव्हा नोंदीत नाव असेल तर त्या माणसाला साधं पत्र लिहा, नेटवर्क विभागाची ई-मेल यादी (मेलिंग लिस्ट) कॉपीत ठेवा, आणि दोन-तीन आठवडे थांबा. उत्तर आलं नाही म्हणजे वापरणारं कोणी नाही, असं मात्र धरू नका. बहुतेक लोक डिस्ट्रोने (उबुंटूसारख्या तयार लिनक्स संचाने) दिलेला जुना कर्नल वापरतात, तुमचा बदल त्यांच्यापर्यंत पोचायला वर्ष-दोन वर्षं सहज जातात. म्हणून काढायचा पॅच एकटा ठेवा, त्यात दुसरी साफसफाई मिसळू नका. उद्या कोणी 'माझं कार्ड बंद पडलं' म्हणत आलं तर तो एक कमिट उलटवला की ड्रायव्हर परत येतो.

एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नाही: ते कार्ड तुमच्याकडे आहे का? असेल तर ताज्या कर्नलवर लावून बघा आणि काय दिसलं ते त्या पत्रातच लिहा. त्या ड्रायव्हरसाठी इतक्या वर्षांत तेवढंही कोणी केलेलं नसेल.