समेवर थांबलात की कापड कोसळतं

प्रश्न : आमच्या कथक वर्गाच्या कार्यक्रमासाठी लोई फुलर या अमेरिकन नर्तिकेच्या, झगा आणि दिव्यांच्या नृत्याच्या धर्तीवर एक नृत्य बसवतोय. संगीत फ्रेंच संगीतकार देब्यूसीच्या 'नॉक्टर्न्स'मधल्या 'न्युआज'चं. पण लाल जॉर्जेटचा झगा फुलत नाही, निळ्या प्रकाशात काळा दिसतो आणि संगीताच्या मागे पडतो. काय चुकतंय?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : आधी कापड बदला. लाल कापड निळा प्रकाश गिळून टाकतं, म्हणून काळं दिसतं. पांढरं घ्या, रंग दिव्यांनी द्यायचा. जॉर्जेटच्या विरळ विणीतून हवा निसटते, ते फुगणार कसं? कापडगंजात पातळ पांढरं चायना सिल्क मागा. ४४ इंची पन्ह्याचे ३-३ मीटरचे तीन तुकडे जोडले की दीड मीटर त्रिज्येचं वर्तुळ निघतं. म्हणजे ९ मीटर कापड. समोरची बाजू घोट्यापर्यंत छाटा, नाहीतर पाय अडकणारच. पॉलिस्टर अस्तर तालमीपुरतं ठीक. घासून ते अंगाला चिकटतं.

नुसत्या हातांनी एवढा घेर उचलत नाही. फुलर झग्यात काठ्या घालत असे, १८९४ मध्ये तिनं त्याचं पेटंटही घेतलं. बुरूड आळीतून पाऊण मीटरच्या हलक्या बांबूकाठ्या आणा. पेरं पॉलिश पेपरनं घासा, एक कूस रेशीम फाडते.

आता ताल. 'न्युआज'ला ठेका नाही, त्यात सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, शोधू नका. खांद्यातून निघालेली लाट काठीच्या टोकाला पोचायला वेळ लागतो, म्हणून हात सुरांच्या किंचित आधी निघाला पाहिजे. किती आधी, ते मोबाइलवर तालीम चित्रित करून ठरवा. कथकमध्ये हात समेवर थांबतो. इथे थांबलात की कापड कोसळतं. हात आडव्या इंग्रजी आठच्या आकड्यात फिरता ठेवा.

दिवे दोन्ही विंगांतून, कमरेच्या उंचीवर. मागे काळा पडदा. समोरचा प्रकाश घड्यांच्या सावल्या पुसतो. (फोटोवाले तो मागतीलच. देऊ नका.) रंगमंचावरचे पंखे बंद.

प्रश्न : फुलरसारखा पायाखालून प्रकाश देता येईल का?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : ती काच बसवलेल्या जमिनीवर नाचत असे. भाड्याच्या नाट्यगृहात फळ्या कोण कापू देणार? नर्तिकेच्या मागे जमिनीवर दोन एलईडी पार (रंगमंचाचे दिवे) ठेवून वर तिरपे वळवा. रेशमातून प्रकाश झिरपतो, परिणाम बराच जवळचा येतो. हॅलोजन मात्र नको. घेर त्यावर पडला तर जळेल.