स्पेक्ट्रमच्या गेममध्ये रंग एकमेकांत का मिसळायचे?

तुम्ही विचारलंय की झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती कॉम्प्युटरच्या गेममध्ये हिरो झाडाजवळ गेला की झाडाचा रंगच का बदलतो, तर तो बग नाहीये, मेमरी वाचवायची आयडिया आहे.

१९८२ चं मशीन, रॅम १६ नाहीतर ४८ केबी. स्क्रीन २५६ बाय १९२ पिक्सेल. आता प्रत्येक पिक्सेलला एक बाईट दिला असता तर बरोब्बर ४८ केबी स्क्रीनलाच गेले असते, मग प्रोग्रॅम ठेवायचा कुठे? म्हणून पिक्सेलला फक्त एक बिट, चालू की बंद, त्याचे झाले ६१४४ बाईट. आणि रंग वेगळे, ८ बाय ८ च्या चौकोनाला मिळून एकच बाईट, असे ७६८ चौकोन. त्या बाईटमध्ये ३ बिट पुढचा रंग, ३ बिट मागचा, एक ब्राइटनेसचा, एक लुकलुकण्याचा, म्हणजे एका चौकोनात दोनच रंग, तिसरा आला की कोणाचा तरी बळी.

हे सगळं वाचून टीव्हीचा सिग्नल बनवायचं काम यूएलए नावाच्या चिपचं, आणि गंमत म्हणजे ती स्क्रीन काढत असताना रॅमच्या खालच्या १६ केबीत झेड८० ला, म्हणजे मशीनच्या प्रोसेसरला, हात घालायचा असेल तर बिचाऱ्याला थांबावं लागायचं. स्प्राइट (स्क्रीनवर आपोआप हलवता येणारी छोटी चित्रं) वगैरे हार्डवेअरमध्ये काहीच नाही (कमोडोर ६४ या दुसऱ्या कॉम्प्युटरला ८ होते, त्यांची मजा), त्यामुळे हिरो हलवायचा म्हणजे प्रोसेसरनेच बाईट इकडचे तिकडे करायचे. म्हणूनच कित्येक गेमवाल्यांनी सरळ दोनच रंगात गेम केले, आणि माझ्या मते तेच जास्त देखणे दिसतात.