नोंदणी नाही म्हणून नाव सोडायचं?

प्रश्न : मी २०१५ पासून एका नावाने बॅगा विकतो. ट्रेडमार्क नोंदवलेला नाही. तेच नाव २०२१ मध्ये दुसऱ्याने नोंदवले आणि आता त्याच्या वकिलाची 'वापर थांबवा' अशी नोटीस आली आहे. नाव बदलावे लागेल का?

उत्तर : घाईने बदलू नका. ट्रेड मार्क्स अ‍ॅक्ट, १९९९ चे कलम ३४ तुमच्यासारख्यांसाठीच आहे. आधीपासून सलग नाव वापरणाऱ्याला नोंदणीधारक अडवू शकत नाही. मात्र त्याचा पहिला वापर आणि त्याची नोंदणी, यांतली जी तारीख आधीची, तिच्याही आधीपासून तुमचा वापर हवा. तो २०१३ पासून विकत असेल, तर हे कलम तुमच्या कामाचे नाही. म्हणून नोटिशीला उत्तर देण्याआधी ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर त्याचा अर्ज काढा आणि वापर कधीपासूनचा लिहिला आहे ते पाहा.

खरी गोची पुराव्यात होते. बिलावर फर्मचे नाव असते, ब्रँडचे नसते. जीएसटीची विवरणपत्रे उलाढाल दाखवतात. माल कोणत्या नावाने विकला, ते त्यांतून कळत नाही. ब्रँड छापलेली दर वर्षाची थोडी तरी बिले, लेबल छपाईची बिले, तारीख असलेल्या जाहिराती आजच गोळा करा. मधली दोन वर्षे कोरी राहिली, तर समोरचा वकील 'सलग' या शब्दावरच बोट ठेवेल.

प्रश्न : मग नोंदणी करून फायदा काय?

उत्तर : मोठा आहे. कलम ३४ तुम्हाला वाचवते, नक्कल करणाऱ्याला रोखत नाही. त्यासाठी बिननोंदणीवाल्याकडे फक्त 'पासिंग ऑफ'चा, म्हणजे समोरचा स्वतःचा माल तुमच्या नावावर खपवतो असा, दावा उरतो. तो नोंदणीधारकावरही लावता येतो, पण नावाचा लौकिक, ग्राहकाची दिशाभूल आणि नुकसान किंवा त्याची शक्यता, हे सगळे तुम्हीच सिद्ध करायचे. नोंदणी असेल तर सर्टिफिकेट हाच प्रथमदर्शनी पुरावा. शिवाय आपला व्यवसाय जिथे आहे तिथल्याच जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो. 'पासिंग ऑफ'मध्ये ही सोय नाही.

नोंदणीच्या अर्जाचा टीएम-ए फॉर्म भरताना वापर सुरू असूनही 'प्रस्तावित वापर' लिहू नका. तुमचाच अर्ज पुढे तुमच्याविरुद्ध दाखवला जातो. २०१५ लिहा, सोबत प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडा. तुमच्या अर्जाला त्याच्या नोंदणीचा आक्षेप येणारच, म्हणून कलम ५७ खाली ती रद्द करण्याचा अर्जही बरोबरच टाका. तोवर नावापुढे 'टीएम' चालेल. वर्तुळातला 'आर' नोंदणी झाल्याशिवाय छापू नका, त्याला कायद्याने मनाई आहे.