विमानाची मोटर आणि गाडीची मोटर : किलोमागे किती किलोवॅट?

प्रश्न : सीमेन्स कंपनीच्या ज्या विद्युत मोटरवर २०१६ साली एक्स्ट्रा ३३०एलई हे विमान उडाले, तिचे वजन ५० किलो आणि शक्ती २६० किलोवॅट होती, म्हणजे किलोमागे ५.२ किलोवॅट. अमेरिकेतील ल्युसिड कंपनी मात्र आपल्या गाडीच्या ७४ किलोच्या संचातून ५०० किलोवॅट मिळतात असे सांगते, आणि त्या वजनात इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला हवी तशी बदलून देणारे उपकरण), गिअर व डिफरन्शियलही (दोन्ही चाकांना शक्ती वाटून देणारा भाग) धरलेले आहेत. गाडीची मोटर इतकी सरस असेल, तर विमानासाठी वेगळ्या मोटरी घडवण्याचा खटाटोप कशाला? शिवाय आपल्याकडच्या मे महिन्यात अशा विमानाचा निभाव लागेल का?
— एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : आपला भागाकार बरोबर आहे. ल्युसिडच्या संचाचे गुणोत्तर पावणेसातच्या आसपास येते आणि ते खरोखरच कौतुकास्पद आहे. परंतु हे दोन्ही आकडे शेजारी मांडण्यापूर्वी ती शक्ती किती फेऱ्यांवर मिळते, हे विचारले पाहिजे. शक्ती म्हणजे टॉर्क (फिरवण्याचा जोर, तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात) आणि फिरण्याचा वेग यांचा गुणाकार. मोटरमधील लोखंड, तांबे आणि चुंबक यांचे वजन मुख्यतः टॉर्कवर ठरते, शक्तीवर नव्हे. सीमेन्सची मोटर २६० किलोवॅट देते ती मिनिटाला अवघ्या २५०० फेऱ्यांवर, आणि त्यासाठी तिला सुमारे १००० न्यूटन-मीटर टॉर्क निर्माण करावा लागतो. तेवढीच शक्ती २०,००० फेऱ्यांवर घ्यायची असेल, तर १२५ न्यूटन-मीटरही पुरतात. गाडीची मोटर हलकी असते ती मुख्यतः या भरधाव फिरण्यामुळे, आणि चाकापर्यंत पोहोचताना गिअर तो वेग कमी करून टॉर्क वाढवतो.

प्रोपेलरला असा वेग चालत नाही. दोन मीटर व्यासाचा प्रोपेलर २५०० फेऱ्यांवर फिरतो तेव्हा त्याच्या पात्याचे टोक सेकंदाला सुमारे २६० मीटर वेगाने जात असते, आणि ध्वनीचा वेग ३४० मीटरच्या आसपास आहे. त्या मर्यादेजवळ पोहोचले की आवाज कर्कश होतो, कार्यक्षमता ढासळते. म्हणून सीमेन्सने गिअर न लावता मोटर थेट प्रोपेलरला जोडली. गिअर वापरूच नये असा मात्र नियम नाही. छोट्या विमानांतील रोटॅक्स ९१२ या पेट्रोल इंजिनाला गिअर असतोच, आणि टर्बोप्रॉप, म्हणजे टर्बाइनवर प्रोपेलर फिरवणारी इंजिने तर त्यावाचून चालणारच नाहीत. तरीही गिअर म्हणजे वजन, तेल, देखभाल आणि आकाशात बिघडू शकणारा आणखी एक भाग. माझ्या मते विद्युत मोटरचा साधेपणा हाच तिचा मोठा गुण असल्याने तो गिअरपायी गमावणे फारच विचारपूर्वक करावे.

दुसरा, आणि जाहिरातींत हमखास झाकला जाणारा प्रश्न म्हणजे ही शक्ती किती वेळ टिकते. २०२० साली बाजारात आलेल्या नेक्सॉन ईव्हीची मोटर ९५ किलोवॅटची होती, पण समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरने सपाटीवर जाताना अशा गाडीला साधारण २० ते २५ किलोवॅट पुरतात. पूर्ण शक्ती लागते ती ओव्हरटेक करताना, काही सेकंद. तेवढ्यात निर्माण झालेली उष्णता मोटरचे धातू सहज पोटात घेतात आणि नंतर सावकाश सोडतात. विमानाला अशी उसंत नसते. उड्डाणाच्या वेळी सगळी शक्ती, मग कित्येक मिनिटे चढण, आणि समपातळीवर आल्यानंतरही निम्म्याहून अधिक शक्ती सतत लागते. म्हणून विमानाच्या मोटरचा खरा आकडा कमाल शक्तीचा नसून अखंड शक्तीचा असतो.

युरोपीय नियामकांकडून २०२० साली प्रमाणपत्र मिळालेल्या पिपिस्ट्रेल वेलिस इलेक्ट्रो या दोन आसनी विमानाचेच पाहा. त्याची मोटर सुमारे २३ किलोची, कमाल शक्ती ५७.६ किलोवॅट, म्हणजे किलोमागे अडीच. पण अखंड शक्ती ४९.२ किलोवॅट आहे, आणि मोटरला वीज नियंत्रित करून देणारा सुमारे ८ किलोचा कंट्रोलर वजनात धरला की तेच गुणोत्तर १.६ वर येते. कोणी लबाडी केलेली नसताना एकाच यंत्राचे दोन आकडे इतके दूर पडतात, तर दोन वेगळ्या कंपन्यांच्या पत्रकांतील आकड्यांची तुलना किती जपून करावी लागेल, हे सांगायला नको.

एवढे करूनही मोटर हा विमानाचा हलका भागच राहतो. जुन्या घडणीची पेट्रोल इंजिने किलोमागे साधारण एक किलोवॅट देतात, त्यामुळे मोटरची बाजी आधीच जिंकलेली आहे. हार होते ती बॅटरीत. वेलिसच्या दोन बॅटऱ्या मिळून सुमारे १४० किलो भरतात, आणि त्यांवर राखीव वेळ सोडून सुमारे ५० मिनिटेच उडता येते.

आता नागपूरच्या उन्हाळ्याविषयी. आपला विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे. पारा ४५ अंशांवर गेला की येथील हवा समुद्रसपाटीवरील प्रमाणित हवेपेक्षा साधारण एक-अष्टमांशाने विरळ होते. पेट्रोल इंजिनाला त्या प्रमाणात प्राणवायू कमी मिळून त्याची शक्ती घटते. मोटरला प्राणवायू लागतच नसल्याने तिची शक्ती हवेच्या विरळपणामुळे कमी होत नाही. प्रोपेलरचा जोर आणि पंखांची उचल मात्र दोघांच्याही बाबतीत कमी होते, म्हणजे धावपट्टी जास्त लागणारच. त्यातच मोटर थंड ठेवणे अवघड होते. तांब्याचा विद्युत-रोध दर २५ अंशांमागे सुमारे दहा टक्क्यांनी वाढतो, त्यामुळे तोच टॉर्क देताना उष्णता अधिक निर्माण होते, आणि ती वाहून नेणारी हवा आधीच तापलेली असते. नियोडिमियमची चुंबके मर्यादेपलीकडे तापली तर कायमची क्षीण होतात, म्हणून कंट्रोलर त्याआधीच शक्ती आखडती घेतो. तेव्हा नागपुरात असे विमान उडवायचे झाल्यास उत्पादकाकडे ४५ अंश तापमानाला मिळणारी अखंड शक्ती किती, हे लेखी मागावे, आणि किलोमागचे गुणोत्तर त्याच आकड्यावरून काढावे.