वाचक विचारतात: ट्युलिप लवकर फुलवायचेत, काय करू?

यावेळी आलेल्या प्रश्नांतले निम्म्याहून जास्त ट्युलिपचेच होते, त्यातही लवकर फुलणाऱ्या जातींचे, म्हणून हा अख्खा भाग त्यांनाच देतेय.

प्रश्न: ताई, मागच्या सीझनला ट्युलिपचे पंधरा कंद लावले होते. पानं छान आली पण फूल एकदम मातीलगतच उमललं, दांडा आलाच नाही. दोन-तीन कंदांत तर कळी पानांतच अडकून राहिली. कंद खराब होते का? खत कमी पडलं का?

कंद खराब नव्हते हो, आणि खताचाही यात काही संबंध नाही. त्यांना थंडी कमी पडली.

मी पहिल्यांदा ट्युलिप लावले तेव्हा एक जास्तीचा कंद सुरीने मधोमध उभा कापून बघितला होता, कांदा कापतो तसा. बाहेर तपकिरी सालपट, आत पांढऱ्या जाड पाकळ्या एकात एक बसलेल्या आणि अगदी मध्यभागी पिवळट हिरवा कोंब. तो टाचणीने हळूच उलगडला तर आत गुंडाळलेली पानं आणि त्यांच्या पोटात तांदळाच्या दाण्याएवढं फूल, भिंगातून बघितलं तर सहाच्या सहा परागकोश मोजता येत होते! कंद अजून मातीत गेलाही नव्हता, आणि आत फूल तयार. तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगते, की ट्युलिपचं फूल आपण तयार करत नाही, ते आधीच आत असतं, आपण फक्त त्याला बाहेर यायला मदत करायची.

आणि त्याला बाहेर यायला लागते थंडी. साधारण १२ ते १४ आठवडे, २ ते ९ अंश सेल्सियसमध्ये. या काळात कंदातल्या स्टार्चची साखर होते आणि दांडा लांब व्हायची तयारी होते, ती अर्धवट राहिली की तुमच्यासारखं होतं, फूल येतं पण दांड्याची वाढच होत नाही. जिथे हिवाळा कडक असतो तिथे हे काम जमीनच करते. जिथे तेवढी थंडी नसते तिथे कंद कागदी पिशवीत किंवा जाळीच्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवायचे (फ्रीजरमध्ये नाही!), आठवडे मोजायचे, आणि बाहेर काढले की त्याच दिवशी लावायचे, कारण मध्येच चार-आठ दिवस गरम खोलीत पडून राहिले तर केलेली मेहनत बरीचशी वाया जाते. लावताना मातीही थंड हवी, म्हणून वर्षातला सगळ्यात गार महिना कुठला ते बघून उलटं मोजत या आणि त्या हिशोबाने फ्रिजमध्ये ठेवायची तारीख ठरवा.

प्रश्न: मी पण कंद फ्रिजमध्ये बरोबर १४ आठवडे ठेवले. दांडे आले, कळ्याही आल्या, पण कळ्या आतल्या आत वाळून पातळ कागदासारख्या झाल्या. असं का?

एकच विचारते, फ्रिजच्या त्याच कप्प्यात सफरचंदं होती का? पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू निघतो आणि तो कंदातल्या त्या इवल्याशा फुलाला मारतो. बाहेरून कंद टणटणीत दिसतो, त्यामुळे काही कळतच नाही. फळं दुसरीकडे ठेवा. फळं नव्हतीच असं असेल तर मग कळी वर येताना माती कोरडी पडली असेल किंवा एकदम ऊन तापलं असेल, त्या दिवसांत पाणी चुकवायचं नाही.

प्रश्न: लवकरात लवकर फुलतील असे कुठले घ्यावे? पाकिटावर नुसतं ‘अर्ली’ लिहिलेलं असतं.

नुसत्या ‘अर्ली’वर जाऊ नका, गट बघा. सगळ्यात आधी येतात कॉफमानियाना. उंची वीतभर, ऊन पडलं की पाकळ्या एवढ्या पसरतात की लांबून कमळासारख्या दिसतात. त्यांच्या मागोमाग फॉस्टेरियाना, मोठ्या फुलांचे, यातला पांढरा ‘प्युरिसिमा’ मला फार आवडतो. मग सिंगल अर्ली (‘अॅप्रिकॉट ब्यूटी’ यातलाच) आणि डबल अर्ली, म्हणजे भरगच्च पाकळ्यांचे, पण पावसात ते पाणी पिऊन जड होतात आणि मान टाकतात, म्हणून कुंडीत आडोशाला लावलेले बरे. ग्रेगी थोडे मागून येतात पण त्यांच्या पानांवर जांभळट पट्टे असतात, फूल नसतानाही रोप बघत राहावंसं वाटतं.

पहिल्यांदाच लावत असाल तर कॉफमानियाना घ्या असं मी म्हणेन. त्यांचं मूळ घर मध्य आशियातल्या तिएन शान डोंगरात, तिथे हिवाळा बर्फाचा, वसंत ओला आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत. हे तीन ऋतू डोक्यात ठेवले की बाकीचं आपोआप सुचतं, म्हणजे पाणी साचणारी जागा चालणार नाही, माती चिकट असेल तर जाड वाळू किंवा बारीक खडी मिसळायची, आणि फुलं संपून पानं वाळली की पाणी बंद. कंदाच्या उंचीच्या तिप्पट खोल लावायचा, टोक वर. लावायची घाईही करू नका, जमीन चांगली गार पडल्यावर लावले की बुरशीचा त्रास कमी होतो.

प्रश्न: फुलं गळली, आता पानं पिवळी पडून लोळतायत, वाफा फार घाण दिसतो. कापून टाकू का?

नका ना, प्लीज नका! खरं तर हाच सगळ्यात महत्त्वाचा काळ आहे आणि इथेच बहुतेक जण चुकतात. तुम्ही लावलेला कंद दरवर्षी संपतो. फूल येईपर्यंत तो रिकामा होत जातो आणि त्याच्या पोटात नवे कंद भरायला लागतात, त्यांना भरणारी ही पानंच. पानं आज कापलीत तर पुढच्या वर्षी एकच रुंद पान वर येईल आणि फूल नाही, कारण कंद फुलाएवढा मोठा झालाच नाही.

तेव्हा फूल गळलं की वरची बीजाची बोंडी तेवढी खुडा, हिरवा दांडा राहू दे, आणि पानं स्वतःहून पिवळी होईपर्यंत थांबा, साधारण सहा आठवडे. लवकर फुलणाऱ्यांचा खरा फायदा मला इथे वाटतो, त्यांचं फुलून लवकर आटपतं त्यामुळे कडक ऊन यायच्या आत पानांना काम करायला जास्त दिवस मिळतात. कॉफमानियाना, फॉस्टेरियाना नि ग्रेगी त्याच जागी वर्षानुवर्षं परत येतात ते यामुळेही असावं. वाफा वाईट दिसतो हे मान्य, त्यावर उपाय म्हणजे पुढे उशिरा पसरणारी रोपं लावा, त्यांची पानं मोठी होतात आणि ही झाकून जातात. फ्रिजमधल्या थंडीवर फुलवलेले मात्र परत येतील याची आशा धरू नका, गरम हवेत कंद नीट भरत नाहीत, दरवर्षी नवे घ्यावे लागतात.

प्रश्न: थंडी संपायच्या आतच पानं चार बोटं वर आलीयत. बर्फ पडला तर मरतील का?

नाही मरणार, पानं काटक असतात. कळीला रंग चढल्यावर मात्र दव गोठेल एवढी कडाक्याची थंडी पडणार असेल तर रात्री जुनी चादर टाका आणि सकाळी काढा.

प्रश्न: नवीन पानं वाकडीतिकडी, भाजल्यासारखी निघाली आणि त्यावर करडे डाग आहेत. औषध कुठलं मारू?

औषध शोधत बसू नका, ते रोप कंदासकट उपटा आणि कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये अजिबात नको. ही बुरशी आहे, ‘ट्युलिप फायर’ म्हणतात तिला, आणि ती मातीत राहते. त्या जागी पुढची तीन वर्षं ट्युलिप लावू नका. शेजारची रोपं रोज बघा, एकाही पानावर डाग दिसला तर तेही काढा. जीवावर येतं, मला माहितेय, पण एक वाचवायला गेलात तर सगळा वाफा जातो.

प्रश्न: कंद लावल्यावर बोटांची टोकं खाजतात आणि लाल होतात. अॅलर्जी आहे का?

कंदाच्या रसामुळे होतं ते, रोज कंद हाताळणाऱ्या कामगारांना तर हा त्रास नेहमीचा. ग्लोव्हज घाला. आणि घरात कुत्रा-मांजर असेल तर कंद उघड्यावर ठेवू नका, त्यांना ते विषारी असतात.