घाबरट कुत्र्याला फिरवताना

लोकांची कुत्री फिरवण्याचं काम धरलंयस, तर पहिली गोष्ट, दोन कुत्री एकत्र नेऊ नकोस. पैसे बरे मिळतात, कळतं मला, पण घाबरणाऱ्या कुत्र्याला तुझं अख्खं लक्ष लागतं.

माझ्याकडे भुऱ्या होता, रस्त्यावरून दत्तक घेतलेला. पुण्यात सकाळी सातला स्कूलबस, दूधवाले, कोपऱ्यावरची भटक्या कुत्र्यांची टोळी, सगळं एकदम अंगावर येतं. आम्ही साडेपाचला निघायचो. तरी समोरून कुत्रं आलं की आधी त्याचं तोंड घट्ट मिटायचं, मग जीभ नाकावरून फिरायची, शेपटी ताठ. भुंकणं त्यानंतर. तुला पकडायचा आहे तो जीभ फिरवण्याचा क्षण. तेव्हाच वळायचं, रस्ता ओलांडायचा, उभ्या रिक्षेच्या आड जायचं. समोरचं कुत्रं दिसतंय पण आपलं अजून आपल्या हातचं चिकन खातंय, एवढं अंतर हवं. खाणं थांबलं म्हणजे आपण फार जवळ आलो.

पट्टा साधा सहा फुटी घे, आपोआप गुंडाळणारा नको. गळपट्टा आणि हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) दोन्हीला अडकव. घाबरलेलं कुत्रं मागे सरकून एकातून सहज निसटतं. आणि पट्टा ताणून धरू नकोस, तुझी भीती त्याला हातातून कळते.

रागावू तर अजिबात नकोस. गुरगुरणं दाबलंस तर कुत्रं पुढच्या वेळी न सांगता चावू शकतं.

दिवाळीत फटाके सुरू झाले की फिरवणं नकोच. घरातच टॉवेलमध्ये खाऊ गुंडाळून हुंगायला दे. मालक म्हणतील, ‘पैसे कसले घेता मग?’ शांतपणे समजावून सांग.