सफेद मुसळी : डीएनए तपासणी कधी करावी?

प्रश्न (ता. चोपडा, जि. जळगाव) : बाहेरून बेणे आणून जूनमध्ये सफेद मुसळी लावली. व्यापारी म्हणतो, ही जंगली मुसळी, पूर्ण भाव मिळणार नाही. डीएनए तपासणी करावी का? पानावर होते की वाळलेल्या मुळीवर? आणि रिपोर्ट दाखवला तर भाव वाढेल का?

उत्तर : तपासणीवर पैसे घालण्याआधी कुदळ घ्या. पीक पानावर आहे तोवर वाफ्यातली चार ठिकाणची झाडे मुळांसकट काढून धुवा. बाजारात चालणारी जात क्लोरोफायटम बोरिविलियानम. ती १९५० च्या दशकात शास्त्रीय नोंदीत आली आणि नाव मिळाले आपल्या बोरिवलीवरून. तिच्या जाड, मांसल मुळ्या थेट चकतीला (पाने आणि मुळ्या जिथून फुटतात त्या बुडख्याला) चिकटून झुपक्याने येतात. क्लोरोफायटम ट्युबेरोजम या रानातल्या भावंडात चकतीतून आधी दोऱ्यासारखी मुळे निघतात आणि गाठी त्यांना लोंबतात. चारही झाडांत हा दोरा दिसला, तर व्यापाऱ्याचे म्हणणे बहुधा खरे.

खात्री हवी असेल तर एखादे झाड फुलासकट दाबून, वाळवून पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण कार्यालयात ओळखीसाठी पाठवा.

डीएनए तपासणीची खरी गरज पडते ती साल काढून वाळवलेल्या मालाला. सोललेली शतावरी आणि मुसळी शेजारी ठेवली की जाणकारही फसतो. प्रयोगशाळा जनुकांचे ठरावीक तुकडे वाचून खात्रीच्या नमुन्यांशी ताडून पाहते. आरबीसीएल आणि मॅटके हे दोन तुकडे २००९ पासून वनस्पतींसाठी प्रमाण मानले जातात. शतावरी वेगळी काढायला ते पुरतात. पण एकाच कुळीच्या जवळच्या जाती वेगळ्या करताना कमी पडू शकतात. म्हणून आयटीएस२ हा तुकडाही तपासायला सांगा.

नमुना शक्यतो कोवळ्या, निरोगी पानाचा द्या. मुळीतल्या चिकट द्रव्यामुळे स्वच्छ डीएनए निघणे अवघड जाते, आणि उकळलेल्या किंवा कडक तापवलेल्या मालात तो तुटलेला असतो. पान पुसून कागदी पाकिटात घाला, ते पाकीट सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या खड्यांच्या) डबीत ठेवा. ओले पान प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून पाठवू नका, वाटेतच सडते. मिसळीचे बेणे असेल तर एका झाडाचा रिपोर्ट त्या एकाच झाडापुरता. वेगवेगळ्या वाफ्यांतले नमुने वेगवेगळे ठेवा.

भावाचे म्हणाल तर हा रिपोर्ट जात सांगतो, कस नाही. सॅपोनिन (मुळीतले औषधी द्रव्य) किती आहे याची रासायनिक तपासणी वेगळी असते. मोठा खरेदीदार बहुधा तीच मागेल.

पुढच्या वर्षी बेणे घेताना पावतीवर जातीचे शास्त्रीय नाव लिहून घ्या. जिला चकतीचा तुकडा आणि डोळा नाही ती मुळी कितीही गुबगुबीत दिसली तरी उगवत नाही. तसली बाजूला काढूनच वजन करायला लावा.